रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या मेंबरांना मागचं गेट? मिश्र वसाहतींचे अनुभव हवेत (नेरुळ)

माधवी_नेरुळ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमची नेरुळची सिडको कॉलनी. एका आवारात तीन तऱ्हेची घरं, चार माळ्याच्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन, समोरच्या ओळीत टू रूम किचन आणि टोकाला थोडी रो हाऊस. आता सगळे मिळून रिडेव्हलपमेंटला निघालोय, त्याला माझा विरोध नाही, स्लॅबचं प्लास्टर पडतंय, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. मागच्या रविवारी बिल्डरच्या आर्किटेक्टने प्रेझेंटेशन दिलं. मेन रोडला दोन सेल टॉवर (नवीन गिऱ्हाइकांना विकायचे फ्लॅट त्यात), खाली मोठी लॉबी, आणि मागे नाल्याच्या बाजूला आम्हा जुन्या मेंबरांची बिल्डिंग, तिला गल्लीतून वेगळं गेट. बाग पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या गच्चीवर) आणि पोडियमला जायची लिफ्ट सेल टॉवरच्या लॉबीतून. मी उठून विचारलं की आम्ही बागेत कुठून जायचं? तर म्हणाले तुम्हाला खाली सेपरेट ओपन स्पेस दिलीय ना मॅडम. नकाशात ती जागा शोधली तर ट्रान्सफॉर्मर आणि कचऱ्याची खोली यांच्या मधली पट्टी निघाली. त्यातही वन रूम किचनवाल्यांना ए विंग आणि रो हाऊसवाल्यांना बी विंग, म्हणजे आमच्या आमच्यातही वाटणी झालीच.

घरी आले आणि झोप लागेना. मी दहावीला होते तेव्हा आमच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं, आजोबांचा खोकला, रात्री अभ्यास कुठे करणार. तेव्हा रो हाऊसमधल्या बाईंनी (शाळेत शिकवायच्या, सगळी कॉलनी बाईच म्हणते) त्यांच्या जिन्याखाली सतरंजी टाकून दिली, एक टेबल लॅम्प लावून दिला, आणि परीक्षा संपेपर्यंत रोज साडेनऊला कपभर दूध आणून ठेवायच्या. त्याच बाईंना आता पार्किन्सन आहे, मुलगा पुण्याला असतो. सकाळी त्यांचा हात धरून आवारात तीन चकरा मारतो तो आमच्या तळमजल्यावरचा मुलगा, कुरियरच्या कामाला जायच्या आधी. हे कुणी ठराव करून झालेलं नाही हो, येताजाता एकाच गेटमधून, एकाच बदामाच्या झाडाखालून जात होतो म्हणून झालं.

२८ तारखेला स्पेशल जनरल बॉडी आहे. काय मागायचं, कसं मागायचं, आणि जिथे अशी मिसळ आहे तिथे खरंच काय होतं, चांगलं वाईट दोन्ही सांगा.

वाशीचे_काका
वाचतोय. आमच्याकडेही हेच चालू आहे. बाईंची गोष्ट वाचून डोळे भरून आले.

सेक्टर_आठ_बेलापूर
माधवीताई, तुमच्यापासून दोन स्टेशनांवर याचं उत्तर आहे, एकदा येऊन बघाच. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरिया यांचं डिझाइन, १९८३ ते ८६ मधलं. सहा हेक्टरमध्ये साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं आणि एकही टॉवर नाही. सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, तशी तीन मिळून आणखी मोठं. आता मुद्दा ऐका, यात गरिबातल्या गरिबापासून बऱ्यापैकी कमावणाऱ्यापर्यंत सगळे धरले होते पण प्लॉटचा साइज फार वेगळा ठेवला नाही, ४५ ते ७५ चौरस मीटर, बस. घर छोटंमोठं असेल पण जमीन जवळपास सारखी, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही म्हणून ज्याला जमेल तेव्हा त्याने वाढवावं, कुणाची परवानगी मागायला दारोदार जायला नको.

आता काही घरं ओळखू येत नाहीत हे खरं आहे, कौलं जाऊन स्लॅब आले, तीन मजले चढले. काहींना त्याचं वाईट वाटतं, मला नाही वाटत, वाढवण्यासाठीच दिली होती. पण अंगणं बहुतेक ठिकाणी जिवंत आहेत. आमच्या अंगणात एक सुतार, एक बँकेतून रिटायर झालेले, एक चित्रकार आणि एक एकट्या राहणाऱ्या नर्सबाई. गणपतीला मांडव एकच. तुळशीच्या लग्नाला नर्सबाईंची नाईट असली तर त्यांची तुळस उचलून आम्ही मधे आणतो.

म्हणून माझं म्हणणं, बाग किती मोठी यापेक्षा किती घरं मिळून एक अंगण याचा हिशोब करा. चारशे घरांना एक पोडियम म्हणजे कुणाचाच नाही.

घोडबंदरची_आई
मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं.

आम्हाला ठाण्यात घोडबंदर रोडला म्हाडाच्या लॉटरीत घर लागलं, वीस टक्के योजनेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर प्रायव्हेट बिल्डरला वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधावी लागतात, २०१३ पासून आहे हा नियम, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात, आमच्याकडे कोकण मंडळाच्या. नंबर लागला तेव्हा नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटले. त्याआधी आम्ही दिवा स्टेशनजवळ भाड्याने होतो, लोकलच्या गर्दीत लटकून जायचा तो.

घर चांगलं आहे, खोटं बोलणार नाही. पाणी आहे, लिफ्ट आहे, मुलीची शाळा चालत बारा मिनिटं. पण आमची बिल्डिंग वेगळी, गेट वेगळं, आणि मधे जाळी. जाळीच्या पलीकडे घसरगुंडी आणि झोके. मुलगी सहा वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती जाळीच्या भोकातून हात घालून पलीकडच्या मुलीशी पत्ते खेळायची, उन्हाळ्याची सुट्टी होती. दोघी जमिनीवर बसायच्या, एक इकडे एक तिकडे. मग पलीकडून वॉचमन आला आणि त्या मुलीला घेऊन गेला. माझी विचारायला लागली की आई आपलं काय चुकलं. मी काय सांगणार होते.

आम्ही पैसे द्यायला तयार होतो. क्लबहाऊस नको, पूल नको, फक्त मुलांच्या बागेचा जो काय महिन्याचा खर्च येईल त्यातला आमचा वाटा घ्या आणि संध्याकाळी दोन तास गेट उघडा. तीन अर्ज दिले. सांगितलं की तुमची सोसायटी वेगळी, कागदोपत्री तुमचा हक्क नाही. आणि ते खरंच आहे, कागदावर नाहीच लिहिलेलं. ताई, म्हणून सांगते जे पाहिजे ते आत्ता कागदावर घ्या. नंतर कोणी देत नाही.

माधवी_नेरुळ
घोडबंदरची_आई, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, दोघंही गप्प बसलो थोडा वेळ. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. २८ तारखेला (नाव न घेता) वाचून दाखवली तर चालेल का?

घोडबंदरची_आई
हो चालेल.

खारघर_पस्तिशी
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मी तीन वर्षांपूर्वी टू बीएचके घेतला, पगाराचा निम्मा हप्त्यात जातो. त्याआधी जिथे राहायचो तिथे निम्म्या लोकांनी मेंटेनन्स थकवला होता, लिफ्टवाल्याचं बिल भरलं नाही म्हणून सव्वा महिना लिफ्ट बंद. बायको बाळंतीण, नवव्या मजल्यावर. टाके असताना ती जिना चढलीय. तेव्हापासून मला भीती बसलीय की ज्यांना परवडत नाही त्यांच्याबरोबर एकाच सोसायटीत असलो की शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. मला कुणाचा तिटकारा नाही. आमच्या सेक्टर ३६ मध्येच सिडकोची अत्यल्प आणि अल्प गटाची स्वप्नपूर्ती आहे आणि मध्यम, उच्च गटाची व्हॅलीशिल्प आहे, सेक्टर तोच, कॉम्प्लेक्स वेगळे, हिशोब वेगळे. मला वाटतं एवढं जवळ असणं पुरे.

अकरा_वर्षं_खजिनदार
खारघरवाले साहेब, तुमची भीती खरी आहे, वहिनींना झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. पण अकरा वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे म्हणून अनुभवाने सांगतो, थकबाकीचा आणि घराच्या साइजचा संबंध नसतो. आमच्याकडे वन आरके पासून थ्री बीएचके पर्यंत सगळं आहे आणि सगळ्यात मोठी थकबाकी बंद थ्री बीएचकेची आहे, मालक परदेशात, फोन उचलत नाहीत. वन आरके मधल्या मावशी चार घरी पोळ्या करतात आणि पाच तारखेच्या आत पैसे आणून देतात, सुटे असले तर मोजून रबर लावून.

खरं दुखणं कुठे आहे ते सांगतो, ते मेंटेनन्स कसा लावतात त्यात आहे. सहकारी सोसायटीच्या उपविधीत सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे, म्हणजे वॉचमन, सफाई, कॉमन लाईट, ऑफिस खर्च, यात तीनशे फुटाचा आणि हजार फुटाचा तेवढेच देतो. लिफ्टचा खर्च त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सारखा, तळमजला वापरत नसला तरी. पाणी नळांच्या संख्येवर आणि साइजवर. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे) बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी पाव टक्का, दुरुस्ती फंड पाऊण टक्का, म्हणजे हे मोठ्या घराला जास्त बसतं. आणि तुमची सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असोसिएशन असेल (सिडकोच्या जुन्या वसाहतींत बऱ्याच आहेत) तर खर्च अविभाज्य हिश्शाप्रमाणे, म्हणजे सामाईक मालकीत ज्याचा जेवढा वाटा तेवढा, तिथे लहान घराला कमी येतो. तर माधवीताई, आधी हे बघा की तुम्ही आज काय आहात आणि नवीन बांधकामानंतर काय होणार आहात. याच्यावर दर महिन्याचा आकडा ठरतो आणि लहान घरवाला टिकणार की दोन वर्षांत विकून जाणार हेही त्याच्यावर ठरतं.

आता आम्ही काय केलं. सारखा वाटायचा खर्च जितका कमी तितकं लहान घरवाल्याला सोपं, म्हणून सारखं वाटायचं तेच आम्ही छाटलं. लॉबीत एसी नाही, कारंजं नाही. जिम आणि हॉल वापरेल त्याने वापरण्याचे द्यायचे, जो जात नाही त्याच्या बिलात तो आकडाच नाही. कॉर्पस (सोसायटीची राखीव ठेव) बँकेत, व्याज आधी लिफ्ट आणि पंपाच्या वार्षिक कराराला, मग बाकीचं. लिफ्ट बंद पडायची भीती याने गेली. समजा महिन्याला सामाईक खर्च चार लाख आणि फ्लॅट दोनशे, तर प्रत्येकी दोन हजार. त्यात बिल्डरने चकचकीत लॉबी आणि पूल घुसवला की तोच आकडा चार हजार होतो आणि मग चाळीस वर्षं राहिलेला माणूस घर विकून बदलापूरला जातो. त्याला कुणी हाकललं नाही, बिलाने हाकललं.

खारघर_पस्तिशी
कॉर्पसच्या व्याजातून लिफ्ट ही कल्पना पटली. आमच्या एजीएमला मांडतो. बाकीच्यावर विचार करतोय.

कोपरखैरणे_एसएस_टाइप
माझ्याकडून थोडं. बाबा माथाडी, एपीएमसीला गोणी उचलायचे. आमची एसएस टाइपची (साइट्स अँड सर्व्हिसेस) रूम. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशातून बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट आला होता, त्यात सिडकोने कोपरखैरणे, ऐरोली, नेरुळ वगैरेला अशी छोटी घरं आणि प्लॉट दिले. कल्पना अशी की सरकारने पूर्ण घर बांधून द्यायचं नाही, जमीन, रस्ता, नळ, संडास द्यायचा, बाकी ज्याने त्याने जमेल तसं. कांदिवलीच्या चारकोपला म्हाडाने हेच केलं आणि तिथे रस्त्याकडेचे मोठे प्लॉट बाजारभावाने विकून त्या पैशावर आतले छोटे प्लॉट स्वस्त ठेवले. म्हणजे मोठा आणि छोटा एकत्र असल्याचा फायदा नुसता शेजारधर्माचा नाही, पैशाचाही आहे.

आमच्या रूमवर बाबांनी आधी पत्रा, मग स्लॅब, मग वर एक मजला, मग माझ्या लग्नात आणखी एक चढवला. आज खाली भावाचं झेरॉक्सचं दुकान, मधे आईबाबा आणि आम्ही, वर एक नवीन लग्न झालेलं जोडपं भाड्याने. पण चांगलंच सांगत नाही, गल्ली इतकी अरुंद झालीय की दिवसा ट्यूबलाईट लागते, आणि मागे एका घराला आग लागली तेव्हा बंब तोंडाशीच अडकला, पोरांनी पाइप खांद्यावर ओढत आत नेला. वाढवायची मुभा पाहिजे पण हवेची आणि बंबाची वाट कुणालाच बुजवता येणार नाही असा नियम तेवढाच कडक पाहिजे.

गावठाणातला
सगळं वाचलं. चांगलं लिहिताय. पण एक विचारू का, मिश्र वसाहत म्हणता तेव्हा गाव कुठाय त्या नकाशात?

नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी आहे. १९७० ला सिडको आली, आमच्या आज्यापणज्यांची भातशेती गेली, मिठागरं गेली. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या मागे लोक उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा निर्णय झाला. आता नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या भागात) जो वॉचमन आहे, जी ताई भांडी घासते, जो पोरगा झोमॅटोची डिलिव्हरी देतो, जी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, ते राहतात कुठे? आमच्या गावात, गरजेपोटी बांधलेल्या चाळीत, खोल्यांत. या शहरात परवडणारं भाडं ज्याने दिलं ते गावठाणाने दिलं, आणि प्लॅनमध्ये आमच्यावर अनधिकृतचा शिक्का. नवीन सोसायट्या आमच्या अंगाला लागून भिंत घालतात आणि देवळाकडे जायची पायवाट बंद होते. आमच्या आजीला मरीआईच्या देवळात जायला आता पूर्ण सेक्टरला वळसा घालून जावं लागतं, ८१ वर्षांची आहे ती. ताई, तुमच्या आवारातून जर कुणाची जुनी वाट जात असेल तर ती नकाशात ठेवा एवढंच सांगणं आहे.

माधवी_नेरुळ
दादा, आहे वाट. मागच्या बाजूने गावातल्या बायका आमच्या आवारातून भाजी बाजाराला जातात, मी लहानपणापासून बघतेय आणि माझ्या डोक्यातच आलं नाही की नवीन नकाशात तिथे भिंत आहे. लिहून ठेवलं.

लंडनहून_ठाणेकर
मूळचा नौपाड्याचा. इथे लंडनमध्ये याला पुअर डोअर म्हणायचे, म्हणजे महागड्या बिल्डिंगला पुढून दार आणि परवडणाऱ्या घरांना मागून. २०१४ च्या सुमारास मोठी ओरड झाली. मग २०१९ ला लॅम्बेथ भागातल्या एका वसाहतीची बातमी आली, तिथे सामाजिक भाडेकरूंच्या मुलांना खेळायच्या जागेत येता येऊ नये म्हणून मधे झुडपांचं कुंपण. घोडबंदरच्या ताईंची जाळी वाचली आणि तेच आठवलं. फरक इतकाच की तिथे दोन्हीकडच्या आईबापांनी मिळून आवाज उठवला आणि ते खुलं करावं लागलं. ताई, जाळीपलीकडच्या त्या मुलीची आई कोण आहे ते शोधा. अर्ज कमिटीला नका देऊ, आधी तिला भेटा.

सिंगापूरकर_मावशी
लंडनकरांना अनुमोदन. इथे जवळपास ऐंशी टक्के लोक सरकारी एचडीबीच्या घरांत राहतात आणि लहानमोठी घरं एकाच ब्लॉकमध्येही असतात. खालचा पूर्ण मजला मोकळा, व्हॉइड डेक म्हणतात. तिथे लग्नंही लागतात आणि मयतही ठेवतात. वरच्या कुणाचं घर किती खोल्यांचं हे तिथे बसलेल्याला कळत नाही. इथलं सरसकट सगळं घ्यावं असं नाही, पण पार्किंगच्या तीन मजल्यांऐवजी तळमजल्याचा एक तुकडा तरी रिकामा मागा.

घरं_काढणारा_आर्किटेक्ट
उशिरा आलो. रिडेव्हलपमेंटचं काम करतो म्हणून व्यावसायिक बोलतो.

माधवीताई, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला खटकलं, आम्हाला वेगळं गेट दिलंय हे. दिलंय कुणी? सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये टॉवरमधले नवीन फ्लॅटवाले तुमच्या सोसायटीत मेंबर म्हणून येतात, तुम्ही त्यांच्या सोसायटीत जात नाही. सिडकोची लीज तुमच्या नावावर. म्हणजे ज्या बागेत तुम्हाला जाता येणार नाही ती बाग तुमच्याच जमिनीवर आहे. बिल्डर दोन सोसायट्या करायचा प्रस्ताव ठेवेल, गोड शब्दांत ठेवेल, की तुमचा मेंटेनन्स कमी राहील. खजिनदार साहेबांनी सांगितलेला हिशोब करून बघा, मेंटेनन्स कमी करायला लॉबी साधी करा, भिंत कशाला.

कागदावर काय पाहिजे ते सांगतो. ब्रोशर आणि थ्रीडी चित्राला किंमत शून्य. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटला नकाशा जोडलेला असतो, त्या नकाशावर गेट, पोडियमला जाणारा रॅम्प, प्रत्येक विंगमधून पोडियमवर थांबणारी लिफ्ट हे काढून घ्या आणि सगळ्या मोकळ्या जागा आणि सुविधा सर्व सभासदांना समान खुल्या हे वाक्य त्यात आणि प्रत्येकाच्या पर्यायी घराच्या करारात, दोन्हीकडे. महारेराच्या नोंदणीतही कॉमन एरिया तोच दाखवला पाहिजे. तुमच्या संमतीशिवाय नकाशा बदलणार नाही हे कलम पाहिजे.

डिझाइनचं म्हणाल तर लहान आणि मोठी घरं एका मजल्यावर घालता येतात, प्लंबिंगचे शाफ्ट जुळवायला डोकं लावावं लागतं, पण अशक्य नाही. मी एका ठिकाणी मजल्यावर दोन टू बीएचके आणि मधे एक वन आरके काढली होती. ती वन आरके कुणी घेतली असेल? शेजारच्याच टू बीएचकेवाल्यांनी, त्यांच्या आईसाठी. दोन दारं, एक जिना, आई स्वतंत्र आणि हाकेच्या अंतरावर. मिश्र घरं म्हटलं की सगळे गरीब श्रीमंत एवढंच बघतात. एकाच माणसाला विशीत एक खोली लागते, चाळिशीत तीन आणि सत्तरीत परत एक, आणि प्रत्येक वेळी त्याला शेजार तोच हवा असतो.

तिसरा_माळा_बिनलिफ्ट
आर्किटेक्टदादांच्या शेवटच्या ओळीला हजार वेळा हो. ठाण्याला वर्तकनगरला राहायचो, जुनी म्हाडा बिल्डिंग, लिफ्ट नाही. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्लास्टिकच्या खुर्चीला पंचा बांधून चौघं मिळून उतरवायचे, पुढचे दोघं पाठ करून पायरी मोजत, चढताना दर माळ्यावर खुर्ची टेकवायची. त्या चौघांत कुणीच नातेवाईक नव्हतं. आम्ही तळमजल्याची एखादी लहान खोली त्याच वसाहतीत शोधत होतो, मिळाली नाही, सगळी घरं एकाच मापाची. शेवटी लांब लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये गेलो. लिफ्ट मिळाली आणि ते चौघं गेले. बाबा शेवटपर्यंत त्यांची नावं घ्यायचे.

रॅम्पचा उतार नीट बघा ताई. एकास बारापेक्षा (बारा फुटांत एक फूट) जास्त चढ नको, नाहीतर व्हीलचेअर एकट्याने ढकलता येत नाही. नकाशात रॅम्प लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात स्कूटर चढवायची घसरण निघते.

माधवी_नेरुळ
काल सभा झाली. एकशे सहा जण आले होते, खुर्च्या कमी पडल्या, लोक बदामाखाली उभे होते.

मी घोडबंदरच्या ताईंची पोस्ट वाचली. पत्त्यांपर्यंत आले आणि आवाज गेला, मग पुढचं टू रूम किचनमधल्या एका काकांनी वाचलं. मेन रोडला एकच गेट, हा ठराव जवळजवळ सगळ्यांनी हात वर करून दिला. पोडियमला आमच्या दोन्ही विंगमधून लिफ्ट आणि एकास बाराचा रॅम्प, तोही झाला. गावच्या बायकांची वाट नकाशात राहणार, रात्री दहाला फाटक बंद, पहाटे पाचला उघडणार, हे गावातल्या दोघी जणींना बोलावून ठरवलं. दोन सोसायट्यांचा प्रस्ताव बिल्डरच्या माणसाने मांडला, अगदी आर्किटेक्टदादा म्हणाले होते त्याच शब्दांत, तो नामंजूर.

एका मजल्यावर लहानमोठी घरं एकत्र, हे नाही झालं. रो हाऊसवाल्यांपैकी सहा जण तयार नाहीत, म्हणतात आमचं अंगण गेलं, निदान विंग तरी वेगळी ठेवा. त्यांचंही ऐकायला पाहिजे, त्यांनी खरंच जमीन सोडलीय. पण बाई उभ्या राहिल्या. उभं राहायलाच त्यांना मिनिटभर लागलं. म्हणाल्या मला वन आरके द्या, तळमजल्याच्या कुरियरवाल्या मुलाच्या मजल्यावर द्या, आणि माझ्या उरलेल्या जागेचे पैसे मुलाला द्या. त्यावर कुणी काही बोललं नाही. तो विषय पुढच्या सभेला ठेवलाय, १९ तारखेला.

खजिनदार काका, तुम्ही जो हिशोब सांगितलात, चार लाख आणि दोनशे फ्लॅटवाला, त्याचा लॉबी साधी आणि लॉबी चकचकीत असा दोन रकान्यांचा तक्ता करून द्याल का? सेल टॉवरवाल्यांचे फ्लॅट धरून आमचे ३१२ होतात. १९ च्या आधी घरोघरी वाटायचाय.